टेकडीच्या पाऊलवाटा आणि आमच्या सायकली

पुणे हे नदीकाठचे शहर, असे शाळेच्या पुस्तकात शिकवतात. मुळशीकडून मुळा येते, खडकवासल्याकडून मुठा येते, संगम पुलाशी दोघींची गाठ पडते आणि पुढे मुळा-मुठा होऊन ती भीमेला मिळते. हे सारे खरे. पण नदीकाठ होता पेठांचा आणि वाड्यांचा. कष्टकऱ्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा आला तो टेकडीचा उतार. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फोडला आणि मुठेकाठची घरे वाहून गेली. तेव्हा उठलेल्या माणसांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती टेकड्यांच्या पायथ्याला उभ्या राहिल्या. पुढे 1972 च्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर, नगरकडून माणसे पोट घेऊन आली आणि पत्रे ठोकून उतारावर राहिली. पर्वतीच्या अंगावरची जनता वसाहत पाहा, वेताळ टेकडीखालची वडारवाडी, पांडवनगर, जनवाडी किंवा कोथरूडची केळेवाडी पाहा. आमची घरे टेकडीच्या पोटाशीच आहेत.

तरीही वाचक बंधु-भगिनींनो, मनाला विचारा, टेकडीच्या माथ्यावर आपण शेवटचे कधी गेलो? आमच्या आया सरपणाला जात. पोरे टमरेल घेऊन जात. टेकडी म्हणजे लाकूडफाटा आणि परसाकडे, एवढीच आमच्या पिढीची ओळख. घरात गॅस आला, वस्तीत संडास आले आणि टेकडीशी संबंध संपला. जुन्या आठवणींची थोडी लाजही वाटत असावी.

आता गंमत अशी, की ज्या पाऊलवाटा आमच्या आयांच्या अनवाणी पायांनी पडल्या, त्यांवर रविवारी पहाटे जाड टायरच्या, गिअरच्या सायकली फिरतात. डोक्याला हेल्मेट, हातात मोजे, पाठीला पाण्याची पिशवी. या खेळाला माउंटन बायकिंग म्हणतात. त्यातील काही सायकलींची किंमत लाखाच्या घरात असते. वस्तीतली पोरे ओट्यावर बसून हे बघतात आणि म्हणतात, "काका, हे श्रीमंतांचं आहे."

हे श्रीमंतांचे नाही, एवढेच सांगायला हा लेख लिहीत आहोत.

सायकल ही आमच्या घरची वस्तू. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, ते काय बंगलेवाल्यांमुळे? खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा. तो, देहूरोडचा डेपो, पिंपरीची औषधांची कंपनी, आकुर्डी-चिंचवडचे कारखाने, यांची पाळी सुटली की दापोडीच्या हॅरिस पुलावरून सायकलींचा पूर येई. हँडलला डबा, कॅरिअरला रेनकोट. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा लागे, डबलसीट दिसले तर पोलीस हवा सोडी. आम्ही स्वतः मधल्या दांडीखालून पाय घालून, तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलवर शिकलो. ती काळी, जड, चोवीस इंची गाडी म्हणजे बापाची शान होती. नंतर हप्त्याने मोटारसायकल मिळू लागली आणि सायकल चालवणे म्हणजे गरिबीची खूण झाली. अॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी बंद पडला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिन होता!

बापाची ही टाकून दिलेली गाडी आणि टेकडीवरची लाखाची गाडी, यांचे नाते मात्र सख्खे आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात मरीन नावाचा जिल्हा आहे. तिथल्या माउंट तमालपैस या डोंगराच्या आसपास 1970 च्या दशकात काही तरुण पोरे जुन्या सायकली घेऊन चढत. त्या सायकली 1930-40 सालच्या, रुंद टायरच्या, पेपर टाकणाऱ्या पोरांच्या. भंगाराच्या भावाने मिळत. ट्रकमध्ये टाकून वर न्यायच्या आणि मातीच्या रस्त्याने खाली सोडायच्या. 21 ऑक्टोबर 1976 रोजी त्यांनी तिथे पहिली शर्यत लावली. उतार इतका, की मागच्या चाकाच्या आतला ब्रेक तापून त्यातले ग्रीस जळून धूर निघे आणि दरवेळी खाली पोहोचल्यावर ते नव्याने भरावे लागे. इंग्रजीत त्याला रिपॅक म्हणतात, म्हणून शर्यतीचे नावच 'रिपॅक' पडले. त्या भंगारातून पुढे नव्या सायकली घडल्या आणि 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. तमालपैसची उंची समुद्रसपाटीपासून 784 मीटर. आपली वेताळ टेकडी सुमारे 800. फरक इतकाच, की तो डोंगर समुद्राशेजारून उठतो आणि पुणे मुळातच साडेपाचशे मीटरवर असल्याने आपल्याला चढायचे उरतात फार तर अडीचशे.

त्याच्याही ऐंशी वर्षे आधीची एक हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अमेरिकेच्या मोंटाना प्रांतात मिसूला हे नदीकाठचे, चहूबाजूंनी डोंगर असलेले गाव आहे. तिथल्या लष्करी तळावर पंचविसाव्या पायदळाची एक तुकडी होती. शिपाई सगळे कृष्णवर्णीय, अधिकारी गोरा. घोड्याऐवजी सायकल चालेल का, हे पाहण्यासाठी 1896 साली या शिपायांना सायकलींवर डोंगरात पाठवले. 14 जून 1897 रोजी वीस शिपाई तंबू, शिधा, बंदुका सायकलींवर बांधून मिसूलाहून निघाले आणि 41 दिवसांत सेंट लुइसला पोहोचले. अंतर 1900 मैल, म्हणजे तीन हजार किलोमीटरांहून अधिक. रस्ते धड नव्हते. चिखल, बर्फ, वाळू. जिथे काहीच चालेना तिथे रेल्वेच्या स्लिपरांवरून धडधडत गेले. वाटेत खारट पाणी पिऊन आजारी पडले. गिअरचा तर प्रश्नच नव्हता. ज्या कृष्णवर्णीय बांधवांच्या पँथरवरून आमच्या पँथरने 1972 मध्ये नाव घेतले, त्यांच्याच आजे-पणज्यांची ही गोष्ट. आमच्या पोरांना ती आम्ही पहिल्याच रविवारी सांगितली. एक पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, मग आपण सिंहगडाला काय रडतोय?"

आमच्या मंडळाच्या पोरापोरींना घेऊन आम्ही दोन हिवाळे या टेकड्या फिरत आहोत. कधी सहा जण, कधी चौदा. सायकली जुन्या बाजारातल्या, कोणाच्या मालकाने दिलेल्या, एक तर तीन सायकलींचे भाग जोडून केलेली. सर्वांत महाग गाडी बत्तीसशे रुपयांची.

सुरुवात पर्वतीपासून केली. पर्वतीच्या 103 पायऱ्यांवर सायकल चढत नाही आणि चढवूही नये. गाड्या खाली लावून पोरांना वर नेले ते वेगळ्या कारणासाठी. 13 ऑक्टोबर 1929 रोजी याच पायऱ्यांशी अस्पृश्यांनी सत्याग्रह सुरू केला. मंदिरात जाण्याचा हक्क मागितला म्हणून सत्याग्रहींवर दगड आणि जोडे पडले. देवळात जायचे की नाही हा प्रश्न आम्ही 1956 साली निकालात काढला. पण डोंगरावर कोणी चढायचे, हा प्रश्न तेव्हाही देवापुरता नव्हता. वरून शहर दिसते, मुठेची रेघ दिसते, आपल्या वस्तीचे निळे-चंदेरी पत्रे दिसतात. पोरे आधी आपापले घर शोधतात.

पर्वतीला लागूनच मागे पाचगाव-तळजाईची टेकडी आहे. सहकारनगरकडून वर जाणारा डांबरी चढ हा शिकाऊ माणसाचा पहिला गुरू. लांबलचक, दम काढणारा, पण फसवणारा नाही. वर वनखात्याचे कुंपण आहे. आत गिरीपुष्पाची झाडी, पहाटे मोरांचे ओरडणे. आत कुठे काय चालते ते फाटकावरच्या पाटीवर वाचावे. सायकलीसाठी बाहेरच्या मुरमाच्या वाटा पुरेशा आहेत. मुरूम काय चीज आहे ते इथेच कळते. हा सारा प्रदेश साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. काळा कातळ झिजून त्याचा जो भुगा होतो तो मुरूम, आणि उतारावर तो टायरखाली गोट्यांसारखा पळतो. पुढचा ब्रेक एकदम दाबला की स्वार हँडलवरून पुढे. आमच्या एका पोराची हनुवटी तिथेच फुटली, तीन टाके पडले. मागचा ब्रेक आधी, पुढचा हलक्या बोटाने, बूड सीटच्या मागे, दोन्ही पायडल समान रेषेत. हे चार शब्द घोकून घ्यावेत.

वेताळ टेकडी ही खरी शाळा. गोखलेनगर, पांडवनगर, पाषाण रस्त्यावरची पंचवटी, कोथरूड, कोणत्याही बाजूने वर जाता येते. कोथरूडकडून निघालात तर वाटेत मोटारगाड्यांची परीक्षा घेणारी संस्था लागते. ती 1966 साली स्थापन झाली. ज्या टेकडीवर देशाच्या मोटारी तपासतात तिथे सायकलने जाण्यात आम्हाला उगीचच मजा वाटते. माथ्यावर सपाटी आहे, कुसळी गवत आहे, आणि मधोमध जुनी दगडखाण. कड्यासारख्या तासलेल्या भिंती, तळाशी पाणी. पोरे म्हणाली, काय नैसर्गिक तळे आहे! आमच्याबरोबर वडारवाडीचा एक मुलगा होता. तो म्हणाला, "नैसर्गिक कसलं, आमच्या आज्यानं फोडलंय." त्याचा आजा सुरुंग लावायचा, आजी खडी फोडायची. अशा खाणींच्या दगडावर हे शहर उभे राहिले. त्या दिवशी त्या पोराने सगळी खाण आम्हाला हिंडवली, कुठे पाचर मारीत, कुठे ट्रक लागत, आजीने सांगितलेले सारे. खाणीच्या काठाने सायकल मात्र हातात धरून न्यावी. कडा कच्चा आहे.

या टेकडीच्या पोटातून रस्ता आणि बोगदे काढण्याचे महापालिकेचे घाटत होते, त्याविरुद्ध एप्रिल 2023 मध्ये नागरिकांचा मोठा मोर्चा निघाला. मोर्चात वस्त्यांतली माणसे कमी दिसली याचे आम्हाला वाईट वाटले. तसेच 1997 साली शहरात आलेल्या गावांमधील टेकड्यांवर जवळजवळ हजार हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी राखून ठेवण्याचा वाद वर्षानुवर्षे चालला. टेकडी वाचवा म्हणणाऱ्यांचे आणि आमचे भांडण नाही. पण त्यांच्या तोंडी 'अतिक्रमण' हा शब्द पहिला येतो आणि बोट पत्र्यांच्या घरांकडे जाते, मागच्या टॉवरकडे जात नाही. टेकडीवर आमचे येणे-जाणे असेल, तिथली झाडे आणि वाटा आमच्या पोरांना नावानिशी माहीत असतील, तर अशा सभेत आम्हीही खुर्ची ओढून बसू शकतो. नाहीतर आमच्याविषयी निर्णय होतील आणि आम्ही पेपरात वाचू.

एका टेकडीच्या फाटकाशी (कोणत्या ते लिहीत नाही) रखवालदाराने आमच्या पोरांना अडवले. "कुठं चाललात? गाड्या कोणाच्या?" आम्ही मागून पोहोचलो. तो म्हणाला, सायकलला मनाई आहे. आम्ही म्हटले, मघाशी चार सायकली आत गेल्या. त्यावर त्याचे उत्तर, "ते रोजचे साहेब आहेत." त्या बिचाऱ्याशी काय वाद घालायचा, तोही आमच्यासारखाच पगारी. पण आम्ही जन्माचे कारकून. सोमवारी अर्ज लिहिला, दोन प्रती, पोचेचा शिक्का घेतला. दर पंधरवड्याला स्मरणपत्र दिले. तिसऱ्या स्मरणपत्रानंतर उत्तर आले, की पायी फिरणाऱ्यांच्या वाटेवर सायकल सर्वांनाच मना आहे, बाजूच्या रुंद वाटेवर सर्वांनाच मुभा आहे. आठवड्यात तशी पाटी लागली. आता रोजचे साहेबही रुंद वाटेनेच जातात. पोरांना आम्ही त्या अर्जाची नक्कल वाचायला दिली आणि पाटीपाशी फोटो काढला.

सिंहगडाविषयी थोडक्यात. उंची 1312 मीटर, पायथ्यापासून डांबरी घाट, वाहनांची गर्दी. रविवारी जाऊ नये. बोपदेव घाटाने सासवडकडे जाणे सुंदर, पण ट्रक आणि डंपर फार. दोन्हीकडे मोठ्या माणसाशिवाय पोरांना सोडू नये.

आमच्या सर्वांच्या मनात बसली ती देहूरोड-शेलारवाडीची फेरी. पहाटे पाचला निघून खडकी, दापोडीचा पूल, पिंपरी, चिंचवड, निगडी असे जुन्या मुंबई रस्त्याने जायचे. पुलावर आम्ही मुद्दाम थांबलो. आमच्यातल्या चौघांचे बाप-आजे याच पुलावरून कामाला जात. देहूरोडच्या विहारात 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हस्ते तथागतांच्या मूर्तीची स्थापना केली, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. तिथे वंदना घेऊन, डबे खाऊन पुढे निघालो. थोड्याच अंतरावर डावीकडे घोरावडेश्वराचा डोंगर लागतो. पायथ्याभोवती मुरमाच्या, मातीच्या वाटा आहेत, कुठे शेताच्या बांधाने जाणाऱ्या, कुठे ओढा ओलांडणाऱ्या. त्यांवर तासभर मनसोक्त सायकली हाणल्या. मग गाड्यांना साखळी लावून, एक जण राखणीला ठेवून पायऱ्या चढलो.

वर बौद्ध लेणी आहेत. आज चैत्यात महादेवाची पिंड आहे, पण कातळावरची ब्राह्मी अक्षरे तशीच आहेत. त्यातला एक लेख सांगतो, की हे लेणे धेनुकाकट इथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या हलकियाची, म्हणजे नांगर चालवणाऱ्या कुणब्याची बायको सियागुतनिका हिने दान दिले. राजाने नाही, सावकाराने नाही, नांगरकऱ्याच्या बायकोने! आमच्या मंडळातली बारावीची पोरगी, जिची आई चार घरची धुणीभांडी करते, ती ते नाव तीनदा म्हणून बघत होती. सियागुतनिका, सियागुतनिका. खाली उतरेपर्यंत सायकलला नाव देऊन झाले होते.

या पोरीविषयी आणखी लिहितो. पहिल्या वर्षी मुली नव्हत्या. घरोघर जाऊन विचारले तर उत्तर ठरलेले, "टेकडीवर पोरगी पाठवू? लोक काय म्हणतील?" भीती खोटी नाही. टेकड्यांवर दारूडे बसतात, लुटालूट झाल्याच्या बातम्या येतात. म्हणून नियम केला, की दोन आया किंवा आज्या बरोबर येतील, पायी. त्या चालत माथ्यावर येतात आणि आम्ही सायकलवर गोल फिरून तिथेच भेटतो. एक आजी, वय सत्तरीच्या घरात, सरपणाच्या जुन्या वाटेने आमच्याआधी माथ्यावर पोहोचते आणि वर बसून विचारते, "काय रे, गिअर पडला नाही का?" आज चौदांत पाच मुली आहेत. पाच कमीच झाल्या. पण ज्या आहेत त्या उतारावर पोरांपेक्षा शहाणपणाने ब्रेक मारतात, त्यामुळे टाके फक्त पोरांनाच पडले आहेत.

ज्यांना यायचे आहे त्यांच्यासाठी. गाडी कोणतीही चालेल, ब्रेक मात्र दोन्ही हवेत. ब्रेकचे रबर झिजले असेल तर आधी ते बदला, रंग नंतर. जुन्या बाजारात बुधवार-रविवार जाड टायर मिळतात, पण टायरच्या कडेला चीर नाही ना, हे बोटाने चाचपून घ्या. मातीवर हवा थोडी कमी ठेवावी, चाक घट्ट धरते. उतारावर सीट खाली करावी. हेल्मेटमध्ये काटकसर करू नये. ज्याला परवडत नाही त्याने मंडळात सांगावे, चार फिरती हेल्मेटे आहेत. पाण्याच्या दोन बाटल्या, एक ट्यूब, सोल्युशन, पाना, पंप आणि जखमेची पट्टी. पावसाळ्यात ओल्या वाटेवर गाडी घालू नये. चाकाने पडलेल्या चरीतून पाणी धावते आणि वाट वाहून जाते, शिवाय काळ्या मातीने चाक असे भरते की गाडी खांद्यावर आणावी लागते. वनखात्याने पाणी मुरवण्यासाठी खणलेले आडवे चर ओलांडू नयेत. मार्च ते मे गवत वाळलेले असते, तिथे विडी-काडी बंद. समोरून पायी माणूस आला की गाडीवरून उतरावे, मग तो साहेब असो की मोळीवाली.

यंदाची पहिली फेरी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी आहे. पहाटे साडेपाचला दांडेकर पुलाशी जमायचे, तळजाई करून नऊपर्यंत घरी. चहा मंडळाचा, पोहे ज्याचे त्याने आणावेत. ज्यांच्याकडे सायकल नाही त्यांनी नुसते यावे, दोन गाड्या जास्तीच्या आहेत, आणि आजी चालत येणारच आहे.